मांजराची शुगर घरी तपासताना आकडे पुन्हा पुन्हा पटेनासे होतात तेव्हा

काल सकाळी इन्सुलिनच्या आधी १८४. आज त्याच वेळी, तेच खाणं, तोच डोस, आणि मीटरवर ३७२. विश्वास बसेना म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा टोचलं तर ३१९. यातला खरा कुठला, आणि आता इन्सुलिन किती द्यायचं?

मधुमेही मांजर असलेल्या घरात हा प्रश्न एकदा सुटून भागत नाही. काही आठवडे सगळं सुरळीत चालतं आणि मग आकडे पुन्हा नाचायला लागतात. डोस थोडा वाढवून बघावा असं मनात येतंच. तेवढं करू नका. आधी आकडा तपासा, मग मांजर तपासा. डोसचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही डॉक्टरांशी बोलून. याला एकच अपवाद आहे, तो पाठच असायला हवा: जास्त आकड्यावर आधी संशय घ्यायचा, कमी आकड्यावर आधी विश्वास ठेवायचा. शुगर एखादा दिवस ३५० राहिली तर मांजर जास्त पाणी पिईल, जास्त लघवी करेल. ती ४० वर उतरली तर मात्र बघता बघता फिट येऊ शकते. म्हणून कमी आकड्यापासूनच सुरुवात करते.

खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा मीटर मिलीमोलमध्ये दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला १८ ने गुणा. आणि मीटर कुठल्या एककावर लावलेला आहे हे एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या.

आकडा ७० च्या खाली आला

मीटर चुकला असेल का, याचा विचार नंतर. मांजर शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर लगेच नेहमीचं खाणं पुढे करा. खात नसेल, पाय लटपटत असतील, नजर हरवल्यासारखी वाटत असेल तर मध, ग्लुकोजचं पाणी किंवा साखरेचा पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. फिट येत असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दातांच्या मध्ये बोटही घालू नका. ओठ बाजूला करून हिरडीला जमेल तेवढं चोळा आणि तसेच दवाखान्यात निघा.

पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासा. पण त्याआधी हात साबणाने धुवा आणि थेंबासाठी टोचायचा तो कान ओल्या कापसाने पुसून कोरडा करा. मधाचा नुसता अंश बोटावर किंवा कानाच्या केसांवर राहिला तरी स्ट्रिप भलताच मोठा आकडा दाखवते, आणि नेमक्या नको त्या वेळी आपण निर्धास्त होतो. आकडा वर आला तरी पुढचे काही तास लक्ष ठेवावं लागतं. मध चटकन चढतो आणि चटकन उतरतो, इन्सुलिनचं काम मात्र चालूच असतं. पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

काही मांजरं ५० वरही काहीच दाखवत नाहीत. निवांत बसलेली असतात, अंग चाटत असतात. ‘ठीक दिसतंय म्हणजे मीटर चुकतोय’ हा तर्क इथे धोक्याचा आहे. उलट बाजूही खरी: मांजर अडखळत असेल, थरथरत असेल, तर मीटर शोधत बसू नका. आधी साखर, मग आकडा.

इंजेक्शनच्या वेळचा आकडाच नेहमीपेक्षा बराच खाली असेल, किंवा मांजराने खाल्लंच नसेल, तर ठरलेला पूर्ण डोस डोळे मिटून देऊ नये. किती आकड्याच्या खाली इन्सुलिन द्यायचं नाही, किती आकड्यापर्यंत डोस कमी करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद इन्सुलिनच्या जवळ ठेवा. रात्री-अपरात्री फोन लागत नाही तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो.

थेंबच येत नाही

कान नीट पाहिलात तर कडेने जाणारी एक शीर दिसते. गडद रंगाच्या मांजरात दिसत नसेल तर मागून टॉर्च धरा. टोचायचं त्या शिरेत नाही. शीर आणि कानाची बाहेरची कड यांच्यामध्ये कातडीची अरुंद पट्टी असते, तिथे. शिरेत टोचलं तर रक्त पसरतं, काळं-निळं होतं आणि मांजराला दुखतं.

थेंब न येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे गार कान. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला रुमाल छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कानावर धरा, कान हाताला उबदार लागेपर्यंत. पिशवी अशासाठी की कान ओला व्हायला नको. ओल्या कातडीवर थेंब उभा राहत नाही, आणि पाणी मिसळलं तर आकडाही बिघडतो. त्यानंतर कडेला व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट फिरवा. त्यामुळे रक्त केसांत न पसरता गोल मण्यासारखं उभं राहतं. स्पिरिटचा कापूस मात्र नको. तो झोंबतो, आणि ज्या मांजराला एकदा झोंबलं ते पुढच्या वेळी डबी उघडल्याचा आवाज ऐकूनच पळतं.

कानाच्या मागे घडी केलेला कापूस किंवा गॉझ धरा. त्याने कानाला आधार मिळतो आणि सुई आरपार गेली तरी तुमच्या बोटात घुसत नाही. लॅन्सेट म्हणजे टोचायची छोटी सुई; तिच्यावरचा गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. सुरुवातीला २६ किंवा २८ गेज बरं पडतं. कान सरावला की ३० किंवा त्याहून बारीक सुईनेही काम होतं. आमच्या बोक्याला लॅन्सेट बसवायच्या पेनाचा खटका सहन होत नाही, सुईपेक्षा त्या आवाजाने तो दचकतो. नुसतं लॅन्सेट हातात धरून टोचलं तर कानही हलवत नाही. तुमचं मांजर दचकतं ते नक्की कशाने, हे एकदा शांतपणे बघा.

थेंब अगदी बारीक आला तर कान करकचून दाबू नका. जोरात दाबलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा भरवशाचा राहत नाही. टोचलेल्या जागेच्या दिशेने हलक्या हाताने चोळा. तरीही थेंब स्ट्रिपपर्यंत पोहोचत नसेल तर स्वच्छ नखावर उचलून घ्या आणि स्ट्रिपची कड त्याला लावा. स्ट्रिप रक्त आपणहून ओढून घेते. थेंब वरून टाकायचा नसतो. रक्त अपुरं पडलं तर बरेचसे मीटर एरर दाखवतात, पण सगळे दाखवतातच असं नाही. स्ट्रिपवरची रक्ताची खिडकी पूर्ण भरली नसेल तर तो आकडा वहीत लिहू नका.

झालं की गॉझने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. याचा कंटाळा केला तर कानाला गाठीसारखी सूज येते आणि दुसऱ्या दिवशी तिथे थेंबही मिळत नाही. दोन्ही कान आळीपाळीने वापरा. कान अजिबातच दाद देत नसेल तर पंजाच्या गादीची कड चालते, किंवा पुढच्या पायाच्या मनगटामागे एकटीच असलेली छोटी गादी. पण पंजा आधी कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडा करायचा.

आकडा येतो, पण पटत नाही

सुरुवातीचे ३७२ आणि ३१९ घ्या. माणसांच्या घरगुती ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. खरी शुगर ३४५ असेल तर हे दोन्ही आकडे त्या मर्यादेत बसतात. म्हणजे मीटरच्या दृष्टीने ते वेगळे आकडेच नाहीत. अशा फरकासाठी तिसऱ्यांदा टोचणं म्हणजे मांजराला उगाच त्रास. १८४ आणि ३७२ यांतला फरक मात्र मीटरच्या चुकीत मावत नाही. त्याचं कारण शोधायला हवं.

पहिली चौकशी झटापटीची. मांजर घाबरलं किंवा सुटायला धडपडलं की शरीर रक्तात साखर सोडतं. मांजरांमध्ये हे इतक्या जोरात होतं की मधुमेह नसलेल्या मांजराची शुगरही दवाखान्यात ३०० च्या पुढे गेलेली दिसते. ती लगेच उतरत नाही, तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो. म्हणूनच धरपकड केल्यानंतर पाच मिनिटांनी घेतलेला दुसरा आकडा पहिल्याची खातरजमा करत नाही. वहीत आकड्याशेजारी ‘झटापट’ एवढं लिहा आणि त्या आकड्यावरून काही ठरवू नका.

दुसरी चौकशी स्ट्रिपची. डबीचं झाकण नीट लागलेलं होतं का? दमट जागेत किंवा उन्हाच्या खिडकीत राहिली का? छापील मुदत सगळे बघतात, पण डबी उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते आणि ती बरीच कमी असते. उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहून ठेवा. शंका असेल तर कंट्रोल सोल्युशनचा, म्हणजे साखरेचं प्रमाण ठरलेल्या तपासणीच्या द्रावणाचा, थेंब लावून बघा. डबीवर दिलेल्या पट्ट्यात आकडा आला नाही तर ती डबी बाद. आकडे अचानक बदललेले असतात तेव्हा नवी डबी त्याच सुमारास उघडलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. प्राण्यांसाठीच्या मीटरमध्ये मांजराचा आणि कुत्र्याचा कोड वेगळा असतो. नवी डबी लावली की कोड पुन्हा बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे मीटर कुणाचा. माणसाच्या रक्तात साखरेचा मोठा भाग, सुमारे ४२ टक्के, तांबड्या पेशींत असतो. मांजरात तो जेमतेम ७ टक्के, बाकी सगळी साखर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात. त्यामुळे माणसासाठी बनवलेला मीटर मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि शुगर जितकी जास्त तितका हा फरक वाढतो. अमुक मिळवलं की खरा आकडा मिळतो, असं एकच गणित इथे चालत नाही. माणसाचा मीटर वापरू नये असं मी म्हणत नाही. स्ट्रिप सहज मिळतात म्हणून मांजर नियमित तपासलं जात असेल, तर तेच बरं. पण मीटर एकच ठेवा, आणि कुठल्या मीटरवरचे आकडे आहेत हे डॉक्टरांना ठाऊक असू द्या. एक दिवस हा, एक दिवस तो, असं केलं तर वहीचा अर्थच लागत नाही.

किडनीच्या आजारामुळे मांजराचं रक्त कमी झालं असेल तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर उलट. म्हाताऱ्या मांजरात हे लक्षात ठेवलेलं बरं.

दवाखान्यात वेगळाच आकडा येतो

घरी २१०, दवाखान्यात ३९०. पिंजरा, प्रवास, शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढं त्याला पुरतं. घरचा मीटर लगेच बाद ठरवू नका. पुढच्या वेळी तो सोबत न्या आणि डॉक्टर जे रक्त काढतील त्यातलाच थेंब आपल्या स्ट्रिपला लावून बघा. तुलना करायची तर त्याच थेंबाची. प्रयोगशाळेत पाठवलेल्या रक्तातून प्लाझ्मा वेळेत वेगळा केला नसेल तर नळीतल्या पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा खोटा कमी येतो, हेही एक कारण असतं. वाद मिटतच नसेल तर फ्रुक्टोसामाइनची तपासणी विचारा. तिच्यावर त्या दिवसाच्या भीतीचा परिणाम होत नाही. मागच्या साधारण दोन आठवड्यांत शुगर कशी होती याचा अंदाज येतो.

आकडा खरा आहे, शुगर खरंच उतरत नाही

आता इन्सुलिनकडे वळा. सर्वांत आधी सिरिंज. इन्सुलिन यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असेल तर सिरिंजही यू-४० हवी, यू-१०० ला यू-१००. यू-४० इन्सुलिन यू-१०० च्या सिरिंजमध्ये ‘२’ च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ०.८ युनिटच जातं. याच्या उलट झालं तर २ च्या जागी ५ युनिट जातात, आणि ते जीवावर बेतू शकतं. सिरिंजचं नवं पाकीट आणलं की प्रत्येक वेळी वरचं लिखाण वाचा.

मग बाटली. ती गोठली होती का, गरम जागी राहिली का, तळाशी गुठळ्या दिसतात का? ग्लार्जिन प्रकारचं इन्सुलिन स्वच्छ पाण्यासारखं दिसायला हवं, गढूळ झालं तर फेकायचं. गढूळच असणारी इन्सुलिनं वापरण्याआधी एकजीव करावी लागतात, काही हलवून, काही हातांत हळूच फिरवून. आपलं कुठलं ते पत्रकात बघा. आणि टोचल्यावर तिथले केस बोटाने चाचपा. ओले लागले तर इन्सुलिन कातडीखाली न जाता केसांत गेलंय. तरी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. किती आत गेलं ते आपल्याला कळत नाही, आणि एक डोस हुकण्यापेक्षा दुप्पट डोस जाणं कितीतरी घातक.

हे सगळं ठीक असेल तर दिवसभराचा आलेख काढा: इंजेक्शनच्या आधी एक आकडा, मग बारा तास दर दोन तासांनी, आणि शुगर १५० च्या खाली उतरायला लागली की दर तासाला. समजा असा आला:

सकाळी ८ वाजता ३४०, १० वाजता २९०, १२ वाजता १६०, १ वाजता ११२, २ वाजता ७४, ३ वाजता ८८, ४ वाजता १३०, ६ वाजता २८०, रात्री ८ वाजता ३६०.

जो माणूस फक्त सकाळ-संध्याकाळ तपासतो त्याला यातले ३४० आणि ३६० एवढेच दिसतील, आणि तो म्हणेल की डोस कमी पडतोय. पण दुपारी दोनला हे मांजर ७४ वर आहे. डोस वाढवला तर तो खड्डा आणखी खोल होईल. इथे डोस कमी पडत नाहीये, इन्सुलिनचा असर बारा तास टिकत नाहीये; त्यावर उपाय वेगळा असतो, बहुतेकदा इन्सुलिनचा प्रकार बदलण्याचा. सर्वसाधारणपणे सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान यावा असं बघतात. पूर्ण दिवस जमत नसेल तर इंजेक्शननंतर चार ते आठ तासांमधला एखादा आकडा तरी अधूनमधून घ्याच. आणि एकाच मांजराचे दोन दिवसांचे आलेख हुबेहूब येत नाहीत, म्हणून एका आलेखावरून निकाल देऊ नका. डोस बदलल्यावरही शरीराला जुळवून घ्यायला साधारण आठवडा द्यावा लागतो.

आलेखात शुगर कुठेच खाली येत नसेल तर आजार शोधायचा: दातांचं किंवा लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड. दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइड चालू झालं का, हे आधी आठवा. खाजेसाठी दिलेलं एक इंजेक्शनही शुगर कितीतरी दिवस वर ठेवू शकतं. डोस चढत चढत गेला आणि तरी फरकच नाही, अशा मांजरात डॉक्टर ॲक्रोमेगली, म्हणजे ग्रोथ हार्मोन वाढल्याचा आजार, आहे का तेही बघतात.

लघवीच्या पट्टीवरून इन्सुलिन ठरवू नका. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली शुगर साधारण २५० च्या वर गेल्यावर. शुगर ६० आहे की १६०, हे ती पट्टी सांगूच शकत नाही. कीटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होणारे पदार्थ, बघायला मात्र ती घरात असावी. कीटोन आले आणि मांजर खात नसेल, उलट्या होत असतील, सुस्त पडलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. बेक्साग्लिफ्लोझिन किंवा व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची औषधं चालू असतील तर हे दुपटीने महत्त्वाचं: त्यांच्यावर असताना शुगर जवळपास नॉर्मल दिसते आणि तरीही कीटोनचा गंभीर त्रास होऊ शकतो. मीटरवर १४० आहे म्हणून थांबायचं नाही.

सेन्सर लावला असेल तर

फ्रीस्टाइल लिब्रेसारखा, अंगावर चिकटवून साखर सतत मोजणारा सेन्सर मांजरांनाही लावतात आणि आलेखासाठी तो फार सोयीचा आहे. पण तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. शुगर वेगाने चढत-उतरत असताना तो काही मिनिटं मागे असतो, आणि पहिल्या दिवसाचे आकडे तितके भरवशाचे नसतात. मांजर सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर दाब पडून आकडा खोटा खाली जातो. उठवून बसवलं की पुन्हा वर येतो. कमी आकडा दिसला तर कानाचा थेंब घेऊन लगेच पडताळा, आणि तेवढं शक्य नसेल तर तो खराच माना. चौदा दिवस टिकायचा सेन्सर मांजराच्या अंगावरून बऱ्याचदा आधीच निघतो, म्हणून स्ट्रिपची डबी संपू देऊ नका.

आकडे आपोआप खाली यायला लागले

काही मांजरांत, विशेषतः उपचार लवकर सुरू झाले आणि खाणं कमी कर्बोदकांचं केलं तर, स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि इन्सुलिनची गरज घटत जाते. ही आनंदाची बातमी आहे, आणि कमी शुगरचा धोका सर्वांत जास्त असतो तोही याच काळात. सकाळचे आकडे एकामागून एक २४०, १९०, १५० असे उतरताना दिसले तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. खाणं बदलायचं ठरवलं असेल तर बदलण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगा, कारण कोरड्या दाण्यांवरून ओल्या, कमी कर्बोदकांच्या खाण्यावर गेल्यावर तोच जुना डोस काही दिवसांतच जड होऊ शकतो. इन्सुलिन बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा-दोनदा कान टोचत राहा. आणि पाण्याचं भांडं पुन्हा लवकर रिकामं व्हायला लागलं तर त्याच दिवशी तपासा.